औषध सापडले, पण पोचवायचे कसे?

धरणाचे दार उघडले, पाटाला पाणी सुटले, अशी बातमी आपण दर साल ऐकतो. पण पाटाच्या अगदी शेवटी ज्याचे शेत आहे, त्याला विचारा. तो म्हणेल, "सुटले असेल, माझ्या वाफ्यात आले की मग खरे." धरण आणि वाफा यांच्यामध्ये लांबच लांब पाट असतो. वाटेत पाणी झिरपते, कुठे भगदाड पडते, कुणी मधेच वळवून घेतो. धरण बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर लागते. पाणी शेवटपर्यंत नेणाऱ्या पाटकऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नसते.

औषधांच्या इतिहासात असेच घडत आले आहे. औषध कुणी शोधले, एवढेच आपण मुलांना शिकवतो. ते शरीरात नेमक्या ठिकाणी कसे पोचले, हे सहसा कुणी सांगत नाही. आज मी अशा एका औषधाचा इतिहास सांगणार आहे, की ज्याचे मूळ तत्त्व हाती आल्यावर अवघ्या तीन वर्षांत ते माणसाच्या पेशींत लागू पडते हे कळले. पण प्रत्यक्ष रोग्याच्या शरीरात ते जागेवर पोचवायला त्यापुढे सतरा वर्षे लागली. मी इतिहासाचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा कोणते औषध घ्यावे हे माझ्याकडून ऐकू नका. ते कसकसे घडत गेले, तेवढे ऐका.

या औषधांना 'जनुक मुके करणारी औषधे' म्हणतात. आता आपण विचाराल, जनुक मुके करायचे म्हणजे काय? आपल्या तलाठ्याचे दप्तर डोळ्यांपुढे आणा. जमिनीची मूळ नोंद दप्तरात असते, ती बाहेर जात नाही. सोसायटीत किंवा बँकेत काम निघाले की आपण तिचा उतारा काढतो आणि पुढचे सारे काम त्या उताऱ्यावर चालते. आपल्या शरीरातल्या जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशींतही असेच एक दप्तर आहे. त्याचे नाव डीएनए. त्यातील एकेक नोंद म्हणजे एकेक जनुक. पेशीला एखादे प्रथिन बनवायचे झाले की त्या नोंदीचा उतारा निघतो. हा उतारा आरएनए नावाच्या पदार्थाचा असतो. तो दप्तरातून बाहेर पडून पेशीच्या कारखान्यात जातो आणि त्यावरून प्रथिन तयार होते. मूळ नोंदच चुकीची असली, तर निघणारा प्रत्येक उतारा चुकीचा आणि बनणारे प्रथिनही बिघडलेले. मूळ दप्तरात खाडाखोड करणे कठीण आणि धोक्याचे. पण तो उतारा कारखान्यात पोचण्याआधीच कुणी फाडून टाकला तर? नोंद तशीच राहील, पण तिचे कुणी ऐकणार नाही. ती मुकी होईल. सगळी युक्ती एवढीच आहे.

ही युक्ती माणसाने निर्माण केलेली नाही. ती निसर्गात आधीपासून होती आणि माणसाला ती एका फुलात प्रथम दिसली. १९९० साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गनसेन आणि कॅरोलिन नेपोली हे शास्त्रज्ञ पेट्यूनियाच्या झाडांवर काम करीत होते. जांभळ्या फुलाचा रंग अधिक गडद करावा म्हणून त्यांनी रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत झाडात घातली. एकाचे दोन झाले म्हणजे रंग दुप्पट चढेल, हा साधा हिशेब. पण कितीतरी झाडांना चक्क पांढरी फुले आली! नव्या जनुकाने रंग दिला तर नाहीच, उलट जुन्यालाही गप्प केले. असे का व्हावे, हे त्या वेळी कुणालाच नीट उलगडले नाही.

उलगडा झाला तो आठ वर्षांनी, मातीत राहणाऱ्या एका कृमीमुळे. हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवून दिले, की आरएनएचा एकेरी धागा या कृमीत टोचला तर फारसे काही होत नाही. पण दोन धागे एकमेकांना जुळवून दुहेरी आरएनए टोचला, तर त्याच्याशी जुळणारे जनुक एकदम मुके होते. पेशीला तो दुहेरी धागा म्हणजे शत्रूची खूण वाटते. ती त्याचे लहान लहान तुकडे करते, त्या तुकड्यातली एक बाजू टाकून देते, आणि दुसरी बाजू नमुना म्हणून हाताशी धरून तिच्याशी जुळणारा जो जो उतारा दिसेल तो तो कापत सुटते. या शोधाला २००६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे एक गंमत ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा तिच्याशी बांधलेली आहे. या कृमीला दुहेरी आरएनए टोचावाही लागत नाही. त्याच्या द्रावणात नुसते भिजत ठेवले, किंवा तो आरएनए असलेले जंतू खायला घातले, तरी त्याच्या अंगभर परिणाम होतो. म्हणजे औषध पोचवायचे कसे, हा प्रश्न त्या कृमीच्या बाबतीत उद्भवतच नव्हता. माणसाच्या बाबतीत मात्र तोच एक प्रश्न उरला.

२००१ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे थॉमस टुशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. लांब दुहेरी आरएनए माणसाच्या पेशीत घातला तर पेशी घाबरून आपले सारे कामकाजच बंद करते. पण धागा आखूड, अवघ्या २१ अक्षरांचा ठेवला, तर ती घाबरत नाही आणि नेमका हवा तो उतारा तेवढा कापला जातो, हे त्यांनी काचपात्रातील पेशींवर सिद्ध केले. लगेच २००२ साली अमेरिकेत या मंडळींपैकी काहींनी अल्नायलम नावाची कंपनी काढली. हे नाव ओळखीचे वाटणार नाही, पण ज्या ताऱ्यावरून ते घेतले तो आपण सर्वांनी पाहिला आहे. मृगाच्या अंगात रुतलेला बाण म्हणून आपण जे तीन तारे एका ओळीत दाखवतो, त्यातला मधला तारा तो.

विचार करा, केवढी मोठी आशा होती! ज्या ज्या रोगाच्या मुळाशी एखादे बिघडलेले प्रथिन आहे, त्या त्या रोगावर आता २१ अक्षरांचा निरोप लिहिला की काम झाले. आणि असा निरोप लिहिणे मुळीच कठीण नव्हते. तो घेऊन जायचा कसा, इथेच घोडे पेंड खात होते.

हे सारे कुणासाठी चालले होते, हे समजावे म्हणून आपण थोडे मागे, १९३९ सालाकडे जाऊ. देश पोर्तुगाल, गोव्यामुळे त्याचे नाव आपल्याला परके नाही. तेथे उत्तरेच्या किनाऱ्यावर पोव्होआ द व्हार्झिम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. त्या गावची ३७ वर्षांची एक बाई पोर्तो शहरातील इस्पितळात कोरिनो आंद्रादे या डॉक्टरांकडे आली. तिच्या पायांची संवेदना गेली होती. आमच्याकडे हा रोग पुष्कळ घरांत आहे, असे तिने सांगितले. गावात त्याला 'पावलांचा रोग' असेच म्हणत. ऐन उमेदीच्या वयात, पंचविशी-तिशीत, तो सुरू होई. आधी पाय बधिर होत. चटका बसला, जखम झाली तरी कळत नसे. मग बधिरपणा वर चढे, चालणे बंद होई, अन्न पचेनासे होई, आणि साधारण दहा वर्षांत माणूस जाई. ज्याला हा रोग होता, त्याच्या प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा. बाप कसा गेला हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असे, आणि तिशी जवळ आली की तो आपल्या पावलांकडे पाहू लागे.

आंद्रादे यांनी चिकाटीने असे रोगी शोधले, त्यांच्या कुळांचा माग काढला आणि १९५२ साली या रोगाचे वर्णन जगापुढे मांडले. पुढे कळले, की ट्रान्सथायरेटिन नावाचे जे प्रथिन रक्तातून 'अ' जीवनसत्त्व वाहून नेण्याच्या कामी येते, ते या घराण्यांत एका जागी बिघडलेले असते. १९८४ साली ती नेमकी जागाही सापडली. हे बिघडलेले प्रथिन मज्जातंतूंत आणि हृदयात साचत जाते, जसा नळात क्षार साचावा तसे. आणि ते बनते मुख्यतः यकृतात. म्हणून १९९० सालापासून स्वीडनमध्ये अशा रोग्यांचे यकृतच बदलण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. एक चुकीचा उतारा थांबवण्यासाठी सबंध कचेरीच उचलून टाकायची, असा तो उपाय; पण त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. जनुक मुके करणाऱ्या औषधासाठी याहून योग्य रोग शोधून सापडला नसता. दोषी जनुक ठाऊक होते, ते कोणत्या अवयवात काम करते हेही ठाऊक होते.

मग अडले कुठे? पाणी कुठे मुरत होते? तो आरएनएचा तुकडा शिरेत टोचला, तर त्याच्या वाटेत काय काय येते ते पाहू.

पहिली अडचण रक्तातच. आरएनए कापून टाकणारी विकरे रक्तात सदैव फिरत असतात. उघडा तुकडा काही मिनिटांत फस्त होतो. दुसरी अडचण मूत्रपिंडाची. तुकडा इतका लहान, की मूत्रपिंडाच्या गाळणीतून तो सरळ लघवीत उतरतो. तिसरी अडचण शरीराच्या पहारेकऱ्यांची. कित्येक विषाणूंचे अंग आरएनएचेच असते, म्हणून परका आरएनए दिसला की शरीर विषाणू आला असे समजून ताप आणते, सूज आणते. चौथी अडचण पेशीच्या दाराशी. पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थाचे आणि आरएनए विद्युत्भारित, पाण्यात रमणारा. तेलात पाणी मिसळत नाही, तसे हे दोघे मिसळत नाहीत. आणि एवढ्यातून पार पडून पेशीने तो तुकडा गिळला, तरी पाचवी अडचण उरतेच. पेशी बाहेरची वस्तू गिळते ती एका पिशवीत कोंडून, आणि त्या पिशवीतच तिला हळूहळू आंबट रसात जिरवून टाकते. पिशवी फोडून बाहेर येईल त्याचेच काम होणार. २०१३ साली उंदरांवर केलेल्या एका मोजणीत दिसले, की चांगल्या वाहनातून आत गेलेल्या तुकड्यांपैकीही शंभरांत एक-दोनच असे बाहेर पडतात. आडात पाणी भरपूर, पण दोर तोकडा, अशी ही गत.

पहिले प्रयत्न जरा धसमुसळेच होते. २००२ साली अमेरिकेत उंदराच्या शेपटीच्या शिरेत हे औषध भरपूर पाण्यातून काही सेकंदांत जोराने भरले गेले. पाण्याच्या दाबाने यकृताच्या पेशींची दारे उघडली आणि औषध आत शिरले. तत्त्व सिद्ध झाले खरे. पण पाणी किती, तर उंदराच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाच्या शिरेत काही सेकंदांत सहा लिटर पाणी भरायचे म्हणजे रोगाआधी रोगीच जायचा.

मग लोकांनी जवळची वाट धरली. रक्तातून जायलाच नको, औषध थेट अवयवात टोचावे. उतारवयात डोळ्याच्या पडद्यामागे नव्या रक्तवाहिन्या फुटून दृष्टी जाते. त्यावर २००४ साली माणसांवरील पहिल्या चाचण्या सुरू झाल्या. सुईने औषध सरळ डोळ्यात. सुरुवातीला गुण दिसला, उत्साह वाढला. पण २००८ साली जयकृष्ण अंबाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून एक वेगळेच सत्य उघड केले. तुकड्यातील अक्षरे कोणतीही असोत, परिणाम तोच होत होता! औषध पेशीच्या आत गेलेच नव्हते. दारावर थाप पडली म्हणून घरातले जागे झाले, एवढेच. निरोप कुणी वाचलाच नव्हता. डोळ्याच्या त्या औषधाची मोठी चाचणी २००९ साली थांबवण्यात आली.

यानंतर धीर सुटू लागला. २००६ साली मर्क या बलाढ्य कंपनीने या क्षेत्रातील सर्ना नावाची लहान कंपनी सुमारे ११० कोटी डॉलर मोजून घेतली होती. पण २०१० साली रोश कंपनीने या संशोधनातून अंग काढून घेतले, पाठोपाठ फायझरनेही. शेवटी मर्कनेही २०१४ साली सर्ना विकली, ती साडेसतरा कोटी डॉलरला. ज्यांच्याकडे पैशाला तोटा नव्हता ते निघून गेले, आणि ज्यांना दुसरे काही करायचेच नव्हते असे थोडे लोक मागे राहिले. इतिहासात हे पुष्कळदा दिसते.

मागे राहिलेल्यांनी दोन वाटा शोधल्या. पहिली वाट स्निग्ध कणांची. कॅनडातील व्हँकुव्हर येथे पीटर कलिस नावाचे शास्त्रज्ञ पेशीच्या स्निग्ध आवरणाचा अभ्यास कित्येक वर्षे करीत होते. त्या अभ्यासातून एक सूक्ष्म गोळी तयार झाली. आत आरएनए, बाहेर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन. ती किती लहान? अशा दहा हजार गोळ्या ओळीने मांडल्या, तर कुठे एक मिलिमीटर भरेल. विकरे आत पोचत नाहीत, मूत्रपिंडातून ती गळून जात नाही. पण खरे कसब पुढेच आहे. या गोळीतील मुख्य स्निग्ध पदार्थ रक्तात असताना तटस्थ असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पेशीच्या त्या आंबट पिशवीत गेला, की मात्र तो धनभारित होतो आणि पिशवीचे आवरण फोडायला लागतो. ज्या आंबट रसाने तुकडा जिरायचा, त्याच रसाने कुलूप उघडते.

आणि यकृतच का? तर रक्तात गेल्यावर या गोळीला शरीरातलेच एक प्रथिन येऊन चिकटते. हे प्रथिन म्हणजे चरबीच्या गाड्यांवरचा शिक्का आहे. तो शिक्का पाहून यकृत म्हणते, आपलाच माल आला, घ्या आत. २००६ साली माकडांवर याचा प्रयोग झाला. एका मात्रेचा परिणाम अकरा दिवस टिकला. तेथून माणसापर्यंत यायला आणखी बारा वर्षे लागली. स्निग्ध पदार्थांचे एकामागून एक प्रकार बनवून पाहावे, त्यातला बरा निवडावा, पुन्हा बदलावा, असे ते काम होते. आपल्याकडे बियाण्याची निवड करतात ना, त्याच चिकाटीचे.

अखेर पॅटिसिरॅन हे औषध तयार झाले आणि ते दिले गेले त्याच, पोर्तुगालच्या कोळ्यांच्या रोगावर. चाचणीत २२५ रोगी होते. अठरा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के रोग्यांच्या मज्जातंतूंची स्थिती आधीपेक्षा सुधारली होती. नुसते पाणी घेणाऱ्यांत सुधारलेले केवळ ४ टक्के. ज्या रोगात माणूस फक्त खाली खाली जातो असेच सर्वांनी पाहिले होते, त्यात निम्म्याहून अधिक रोगी वर चढले. १० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. जनुक मुके करणाऱ्या दुहेरी आरएनएचे हे पहिले औषध. १९३९ साली ती बाई आंद्रादे यांच्यापुढे येऊन बसली, त्याला तेव्हा एकोणऐंशी वर्षे झाली होती.

या गोळीचे एक उपकथानक आपल्या सर्वांच्या आयुष्यातून गेले आहे. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना यांच्या लशीही आरएनएच्याच होत्या. तेथे उतारा फाडायचा नव्हता, नवा उतारा पाठवायचा होता. पण तो पाठवायला वाहन हवेच. ते याच स्निग्ध गोळीच्या घराण्यातले होते. वाहन आधी घडलेले होते म्हणून लस एका वर्षाच्या आत आली. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली कोव्हिशील्ड निराळ्या पद्धतीची होती. पण पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनेही स्निग्ध कणांच्या आधाराने आरएनएची लस तयार केली आणि जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली.

आता दुसरी वाट. ही साखरेची. आणि तिचा उगम जुना, अगदी १९६८ सालचा. गिल्बर्ट अ‍ॅशवेल, अनातोल मोरेल आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत रक्तातल्या तांबे वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. या प्रथिनावर साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात. मोजणीच्या सोयीसाठी त्यांनी त्या साखळ्यांचे टोक काढले आणि ते प्रथिन सशाच्या रक्तात सोडले. ते दीर्घकाळ रक्तात फिरत राहावे अशी अपेक्षा. पण काही मिनिटांत ते दिसेनासे झाले. शोध घेतला तेव्हा ते सापडले यकृतात! टोक काढल्यामुळे आतली साखर उघडी पडली होती, आणि ती साखर ओळखून आत ओढून घेणारी दारे यकृताच्या पेशींवर असतात. एकेका पेशीवर अशी लाखो दारे. मालाला आत सोडून पंधरा-वीस मिनिटांत दार पुन्हा बाहेर हजर.

त्या वेळी आरएनएचे औषध कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पण चाळीस वर्षांनंतर अल्नायलममधील रसायनशास्त्रज्ञांना ते दार आठवले. मुथय्या मनोहरन हे भारतात शिकून अमेरिकेत गेलेले रसायनज्ञ त्यांत प्रमुख होते. त्यांनी गोळी बाजूला ठेवली, आरएनएच्या तुकड्यालाच त्या जातीच्या साखरेचे तीन दाणे जोडले. तीन कशाला? एका दाण्याची पकड सैल बसते, तिन्ही एकदम बसले की ती कितीतरी पटींनी घट्ट होते. शिवाय तुकड्याच्या अक्षरांत थोडे रासायनिक फेरफार केले, म्हणजे विकरांचे दात त्यावर चालू नयेत. यामुळे शिरेतून तासाहून अधिक वेळ औषध चढवण्याची गरज संपली. कातडीखाली साधी सुई पुरते.

ही वाटही सरळ नव्हती. साखर जोडलेले पहिले मोठे औषध, रेव्हुसिरॅन, हे त्याच प्रथिनामुळे हृदय निकामी होणाऱ्या रोग्यांना देऊन पाहत होते. औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत आहेत असे दिसताच ऑक्टोबर २०१६ मध्ये ते बंद केले गेले. या औषधाच्या तुकड्याला संरक्षण कमी होते, म्हणून मात्रा फार मोठी लागे. पाच दिवस रोज आणि नंतर दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅम. पुढे तुकड्याची घडण सुधारली. त्याच प्रथिनावरचे नवे औषध व्हुट्रिसिरॅन तीन महिन्यांतून एकदा, २५ मिलिग्रॅम एवढेच लागते. वर्षाचा हिशेब करा. तिथे अठ्ठावीस ग्रॅम, इथे एक दशांश ग्रॅम. हा सारा फरक पाट पक्का बांधल्याचा. हे औषध २०२२ साली मज्जातंतूंच्या रोगासाठी आणि २०२५ साली, ज्या हृदयरोगात आधीचे औषध हरले होते, त्यासाठीही अमेरिकेत मान्य झाले.

याच वाटेने आणखी एक औषध आले, इन्क्लिसिरॅन. ते दुर्मिळ रोगाचे नाही, घरोघरच्या रोगाचे आहे. रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल उचलणारी दारे यकृतावर असतात आणि एक प्रथिन ती दारे मोडत असते. काही माणसांत हे प्रथिन बनवणारे जनुक जन्मतःच निकामी असते. अशांना हृदयविकार फार कमी होतो, असे अमेरिकेत डल्लास येथील संशोधकांनी २००६ साली दाखवले. मग तेच जनुक औषधाने मुके केले. पहिल्या दोन मात्रा तीन महिन्यांच्या अंतराने, आणि पुढे सहा महिन्यांतून एक टोचणी. कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर येते. २०२० साली युरोपात, २०२१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि आता ते आपल्या देशातही आले आहे.

मात्र पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले, असे म्हणायला मी अजून धजावत नाही. त्याला दोन कारणे आहेत. एक तर स्निग्ध गोळीची वाट काय नि साखरेची काय, दोन्ही यकृतालाच जातात. मेंदू, स्नायू, फुप्फुस यांच्या दारांच्या किल्ल्या अजून शोधायच्या आहेत. मेंदूसाठी पाठीच्या कण्यातील द्रवात औषध सोडून पाहणे, स्नायूंसाठी प्रतिद्रव्याला तुकडा बांधून पाहणे, असे प्रयोग माणसांवर चालू आहेत.

दुसरे कारण पैशाचे. पॅटिसिरॅन बाजारात आले तेव्हा त्याची जाहीर किंमत वर्षाला साडेचार लाख डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपयांहून अधिक. वीस वर्षे बुडालेला पैसा कंपन्यांना वसूल करायचा असतो, हे मी समजू शकतो. पण रक्त, मूत्रपिंड, पेशीचे आवरण आणि आंबट पिशवी एवढे अडथळे ओलांडून जे औषध पेशीच्या पोटात शिरते, ते रोग्याच्या घराचा उंबरठा मात्र ओलांडू शकत नाही. हा अडथळा निसर्गाने घातलेला नाही. तो दूर करणे शास्त्रज्ञांच्या एकट्याच्या हाती नाही; ते सरकारचे, समाजाचे, तुमचे-आमचे काम आहे.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सांगावेसे वाटते. वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा फायर आणि मेलो यांची नावे जरूर सांगा. पण सशाच्या रक्तातून प्रथिन कुठे गेले याचा माग काढत बसलेल्या अ‍ॅशवेल आणि मोरेल यांचीही सांगा, आणि कोळ्यांच्या घरोघरच्या रोगाची नोंद करीत राहिलेल्या आंद्रादे यांचेही सांगा. "सर, याचा उपयोग काय?" असे मुले नेहमी विचारतात. प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर तासाची घंटा होण्याआधी मिळेलच असे नाही. कधी कधी त्याला चाळीस-पन्नास वर्षे लागतात. तोवर कुणीतरी प्रामाणिकपणे टिपून ठेवलेले असले, म्हणजे पुरे.